संसदेतील महिला सदस्यांचे अनुभव : महाराष्ट्राच्या आणि आहुपे (ता. आंबेगाव, जि. पुणे) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर आहुपे हे गाव वसलेले आहे. गावाच्या पश्चिमेस कडा तुटून खाली मुरबाड तालुक्याचा कोकणातील मुलूख दिसतो. पूर्वेकडे वाहणारी घोड नदी याच परिसरात उगम पावते. भीमाशंकर अभयारण्याचा शेजार, जुनी देवराई, भात, नाचणी व वरई ही पिके आणि हंगामात हिरडा गोळा करून मिळणारे चार पैसे यांवर येथील महादेव कोळी समाजाचे जीवन उभे आहे. शेतातील लावणी, रानातील हिरडा, घरातील सरपण व पाणी या सर्व कामांचा मोठा भार स्त्रियांवर असतो, हे या भागात फिरणाऱ्या कोणाच्याही सहज लक्षात येते.

दिल्लीतील संसद भवन आणि आहुप्याची देवराई यांत काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. परंतु वनहक्क, ग्रामसभेचे अधिकार, पंचायतीतील महिलांच्या जागा, हुंडाप्रतिबंध, गर्भलिंगनिदानावरील बंदी हे सर्व विषय संसदेच्या कायद्यांनी ठरलेले आहेत. हे कायदे करणाऱ्या सभागृहात स्त्रिया किती होत्या, त्या तेथे कोणत्या मार्गाने पोहोचल्या आणि तेथे त्यांना काय अनुभव आले, हा म्हणूनच केवळ राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय राहत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातून संसदेत गेलेल्या स्त्रियांच्या अनुभवांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि त्याचा आहुप्यासारख्या आदिवासी गावाच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी सार्वजनिक नोंदींत उपलब्ध असलेल्या निवडणूक निकालांचा, कायद्यांच्या तरतुदींचा आणि संबंधित सदस्यांच्या सार्वजनिक जीवनातील घटनांचा आधार घेतला आहे.

संख्येचा प्रवास

भारतीय स्त्रीला मताधिकार आणि निवडणूक लढविण्याचा अधिकार संविधानाने पुरुषाच्या बरोबरीने व एकाच वेळी दिला. संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या. मुंबई प्रांतातून गेलेल्या हंसा मेहता त्यांपैकी एक होत. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेला अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला होता. मात्र अधिकार मिळणे आणि जागा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पुढील आकडे सांगतात.

पहिल्या लोकसभेत स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. १९७७ च्या निवडणुकीत केवळ १९ स्त्रिया निवडून आल्या, हा आजवरचा नीचांक होय. २०१९ मध्ये ७८ स्त्रिया निवडून आल्या, हा उच्चांक ठरला. २०२४ मध्ये ही संख्या ७४ वर आली. म्हणजे ५४३ सदस्यांच्या सभागृहात त्यांचे प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या जवळपास राहिले. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी २०१९ मध्ये आठ आणि २०२४ मध्ये सात जागांवर स्त्रिया विजयी झाल्या. पाऊणशे वर्षांत झालेली ही वाढ खरी आहे. परंतु निम्म्या लोकसंख्येच्या मानाने ती अत्यल्प आहे, हेही तितकेच खरे.

पुणे जिल्ह्यापुरता विचार केला तर चित्र अधिक बोलके होते. १९५२ मध्ये पुणे दक्षिण मतदारसंघातून इंदिराबाई मायदेव लोकसभेवर निवडून आल्या. त्यानंतर जिल्ह्यातून एखादी स्त्री लोकसभेत जाण्यासाठी २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बारामतीतून सुप्रिया सुळे विजयी झाल्या आणि पुढे २०१४, २०१९ व २०२४ मध्येही त्यांनी ती जागा राखली. आहुपे ज्या मतदारसंघात येते, तो पूर्वीचा खेड आणि पुनर्रचनेनंतरचा शिरूर. या मतदारसंघाने २०२४ पर्यंत एकाही स्त्रीला लोकसभेत पाठविलेले नाही.

संसदेत पोहोचण्याचे तीन मार्ग

महाराष्ट्रातील महिला खासदारांच्या वाटचालीचा विचार करता संसदेत पोहोचण्याचे स्थूलमानाने तीन मार्ग दिसतात. हे मार्ग एकमेकांपासून पूर्णतः अलग नाहीत; पण प्रत्येकाने सदस्याच्या अनुभवाला वेगळे वळण दिले आहे.

पहिला मार्ग चळवळीचा. नागपूरच्या अनसूयाबाई काळे स्वातंत्र्यलढ्यातून पुढे आल्या. १९३७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या त्या उपाध्यक्ष झाल्या आणि १९५२ व १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते या तिघींची नावे मुंबईतील महागाईविरोधी लढ्याशी जोडलेली आहेत. १९७२ च्या सुमारास हाती लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांचे नेतृत्व त्यांनी केले. गोरेगावच्या पाणीप्रश्नामुळे मृणालताईंना ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच दिले. १९७७ मध्ये मृणाल गोरे मुंबई उत्तर आणि अहिल्या रांगणेकर मुंबई उत्तर-मध्य या मतदारसंघांतून निवडून आल्या. सर्वांत कमी स्त्रिया असलेल्या त्या लोकसभेतील १९ जणींपैकी या दोघी होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दुसरा मार्ग कुटुंबाचा. पतीच्या निधनानंतर १९७३ मध्ये कराडमधून पोटनिवडणुकीत विजयी झालेल्या प्रेमलाकाकी चव्हाण पुढे अनेकदा निवडून आल्या. वडिलांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकांत २००५ साली प्रिया दत्त आणि २०१४ साली प्रीतम मुंडे लोकसभेत गेल्या. या मार्गाने आलेल्या स्त्रियांवर ‘वारशाने आलेल्या’ असा शिक्का बसतो. परंतु वडिलांच्या वा काकांच्या नावावर निवडून आलेल्या पुरुषांना हा प्रश्न त्याच तीव्रतेने विचारला जात नाही. शिवाय पहिली निवडणूक नावावर जिंकता येते. दुसरी, तिसरी आणि चौथी निवडणूक केवळ नावावर जिंकता येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

तिसरा मार्ग स्थानिक स्वराज्य संस्थांचा. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर हा मार्ग रुंदावला. रावेरमधून २०१४ पासून निवडून येत असलेल्या रक्षा खडसे यांच्यामागे राजकीय घराणे असले तरी त्यांनी सरपंचपद व जिल्हा परिषदेचे सदस्यत्व या पायऱ्या आधी चढल्या होत्या. दिंडोरीच्या डॉ. भारती पवार यांनी नाशिक जिल्हा परिषदेत काम केले होते. २०२४ मध्ये धुळ्यातून विजयी झालेल्या डॉ. शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर राहिल्या होत्या. पुण्याच्या महापौरपदावरून पुढे आलेल्या वंदना चव्हाण २०१२ ते २०२४ या काळात राज्यसभेच्या सदस्य होत्या. गावच्या नळयोजनेपासून सुरू झालेला अनुभव संसदेपर्यंत जाऊ शकतो, हे या उदाहरणांवरून दिसते.

सभागृहातील अनुभव

सभागृहात प्रवेश मिळाल्यानंतर महिला सदस्यांना आलेल्या अनुभवांचे चार पैलू येथे विचारात घेता येतील.

(अ) विषयांची वाटणी. महिला सदस्याने महिला व बालकल्याण, आरोग्य, शिक्षण या विषयांवर बोलावे आणि अर्थ, संरक्षण, परराष्ट्र हे विषय पुरुषांनी हाताळावेत, अशी एक अलिखित वाटणी दीर्घकाळ चालत आली आहे. काही सदस्यांनी ती ओलांडली. मुंबईच्या जयवंतीबेन मेहता १९९९ नंतरच्या केंद्रीय मंत्रिमंडळात ऊर्जा खात्याच्या राज्यमंत्री होत्या. तथापि, स्त्रियांशी निगडित विषय दुय्यम आहेत असे समजणे हीदेखील चूकच ठरेल. १९९७ मध्ये संसदेने महिला सक्षमीकरणासाठी संयुक्त समिती नेमली आणि या विषयांना समितीच्या कामकाजाचे अधिष्ठान लाभले.

(आ) खाजगी विधेयकाचे साधन. मंत्री नसलेल्या सदस्याला स्वतःचे विधेयक मांडता येते. परंतु ते संमत होण्याची शक्यता फारच थोडी असते. १९७० नंतर एकही खाजगी विधेयक संसदेत संमत झालेले नाही. मग अशा विधेयकाचा उपयोग काय? प्रमिला दंडवते यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९८० मध्ये मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून निवडून आल्यावर त्यांनी हुंडाप्रतिबंधक कायद्यात सुधारणा सुचविणारे खाजगी विधेयक मांडले. मूळ कायदा १९६१ चा. तो संमत करण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घ्यावी लागली होती आणि तरीही तो बव्हंशी कागदावरच राहिला होता. महिला संघटनांचे आंदोलन आणि संसदेतील प्रश्न यांचा रेटा एकत्र आला, संयुक्त समितीने कायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी केली आणि १९८४ व १९८६ मध्ये शासनालाच कायदा दुरुस्त करावा लागला. खाजगी विधेयक संमत झाले नाही, तरी त्याने शासनाला उत्तर देणे भाग पाडले. कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्यास कार्यालयाशी संपर्क न ठेवण्याचा हक्क असावा, असे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये मांडलेले विधेयक याच परंपरेतील होय.

(इ) पीठासीन पदे. राज्यसभेच्या उपसभापतिपदी व्हायोलेट अल्वा, प्रतिभा पाटील आणि नजमा हेपतुल्ला या महाराष्ट्राशी नाते असलेल्या तीन स्त्रियांनी काम केले. प्रतिभा पाटील पुढे २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. चिपळूण येथे जन्मलेल्या आणि इंदूरमधून सलग आठ वेळा निवडून आलेल्या सुमित्रा महाजन २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या पुढाकाराने मार्च २०१६ मध्ये दिल्लीत देशभरातील महिला लोकप्रतिनिधींची परिषद भरली. पीठासीन पदावरील स्त्रीमुळे सभागृहाचे नियम बदलत नाहीत. परंतु अधिकार गाजविणारा आवाज पुरुषाचाच असतो, ही सवय मात्र मोडते.

(ई) अवहेलना व असुरक्षितता. हा अनुभव भारतापुरता मर्यादित नाही. आंतरसंसदीय संघाने २०१६ मध्ये ३९ देशांतील ५५ महिला संसद सदस्यांच्या मुलाखतींवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक सदस्यांनी कारकिर्दीत मानसिक स्वरूपाचा त्रास सोसल्याचे सांगितले, तर ४४ टक्क्यांहून अधिक सदस्यांना मृत्यू, बलात्कार, मारहाण वा अपहरणाच्या धमक्या मिळाल्या होत्या. सत्तेचे पद हे संरक्षक कवच असते, ही समजूत या निष्कर्षांनी खोटी ठरविली. पुरुष सदस्यावर टीका होते ती त्याच्या धोरणावर. स्त्री सदस्यावरील टीका मात्र तिचा पेहराव, विवाह, चारित्र्य यांकडे वळते. हा फरक आपल्याकडील निवडणूक प्रचारातही सहज आढळतो.

टिकून राहण्याचा प्रश्न

निवडून येण्याइतकाच टिकून राहण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९७७ ची लोकसभा १९७९ मध्येच विसर्जित झाली आणि मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांची लोकसभेतील कारकीर्द तेवढ्यावरच थांबली. याउलट भावना गवळी १९९९ पासून २०१९ पर्यंतच्या पाच निवडणुकांत आधी वाशीम व नंतर यवतमाळ-वाशीममधून विजयी झाल्या. संसदेची कार्यपद्धती आत्मसात करण्यास वेळ लागतो. प्रश्न कसा विचारावा, कोणत्या समितीत कोणता विषय रेटावा, मंत्रालयाकडून उत्तर कसे मिळवावे हे एका कारकिर्दीत पुरतेपणी साधत नाही. म्हणून पुन्हा उमेदवारी मिळणे हे सदस्याच्या परिणामकारकतेचे एक प्रमुख कारण ठरते, आणि उमेदवारी देण्याचा निर्णय प्रायः पक्षातील पुरुष नेतृत्वाच्या हाती राहिलेला आहे.

मात्र संसदेतील काम थांबले म्हणून कायदे घडविण्याचे काम थांबतेच असे नाही. मृणाल गोरे पुढे पुन्हा महाराष्ट्राच्या विधानसभेत गेल्या. गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या १९८८ च्या राज्य कायद्यामागील प्रयत्नांत त्यांचा वाटा होता आणि १९९४ मध्ये संसदेने त्याच विषयावर देशव्यापी कायदा केला. राज्यातील अनुभव केंद्राला वाट दाखवतो, याचे हे उदाहरण होय.

आरक्षणाचा कायदा

संसद व विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवणारे विधेयक प्रथम सप्टेंबर १९९६ मध्ये मांडले गेले. त्यानंतर ते वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आले आणि अडले. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते संमत केले. परंतु लोकसभेत त्याची तड लागली नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी १०६ वी घटनादुरुस्ती संमत केली. लोकसभेत तिच्या बाजूने ४५४ आणि विरोधात २ मते पडली, तर राज्यसभेत विरोधात एकही मत पडले नाही.

या घटनादुरुस्तीतील तीन तरतुदी समजून घेणे आवश्यक आहे. पहिली, आरक्षण तिच्या आरंभानंतरच्या पहिल्या जनगणनेशी आणि त्यावर आधारित मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडले गेले. त्यामुळे २०२४ ची निवडणूक आरक्षणाविना झाली. दुसरी, अनुसूचित जाती व जमातींसाठी राखीव असलेल्या जागांपैकीही एकतृतीयांश जागा त्या त्या समाजातील स्त्रियांसाठी आहेत. तिसरी, राखीव जागा प्रत्येक पुनर्रचनेनंतर बदलणार आहेत. ज्या मतदारसंघात एखाद्या सदस्येने काम उभे केले तो नंतर खुला झाल्यास पक्ष तिला पुन्हा उमेदवारी देतील काय, हा प्रश्न येथे उद्भवतो. सरपंचपदाच्या फिरत्या आरक्षणात हा अनुभव अनेक गावांनी घेतलेला आहे.

रवांडामध्ये २००३ च्या संविधानाने किमान तीस टक्के जागा स्त्रियांना दिल्या आणि २००८ मध्ये तेथील लोकप्रतिनिधिगृहात स्त्रियांचे बहुमत झाले. किमान मर्यादा ही कमाल मर्यादा ठरण्याचे कारण नाही, हे यावरून ध्यानात येते.

आहुपे परिसराच्या दृष्टीने अर्थ

आता पुन्हा आहुप्याकडे वळू. आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील पश्चिमेकडील आदिवासी गावांचा पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्यानुसार अशा क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. म्हणजे गावपातळीवर आदिवासी स्त्रीसाठी कारभाराचे दार कायद्याने उघडले आहे. मात्र लोकसभेसाठी हे गाव शिरूर या सर्वसाधारण मतदारसंघात येते. भोसरी व हडपसर यांसारखे दाट शहरी भाग ज्या मतदारसंघात आहेत, तेथे डोंगरमाथ्यावरील वाड्यांचे मतबळ किती असणार? महाराष्ट्रात अनुसूचित जमातींसाठी नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर या चारच लोकसभा जागा राखीव आहेत. तेथून २०१४ व २०१९ मध्ये डॉ. हीना गावित आणि २०१९ मध्ये डॉ. भारती पवार निवडून आल्या. परंतु २०२४ मध्ये या चारही जागांवर पुरुष विजयी झाले. म्हणजेच त्या निवडणुकीत राज्याच्या राखीव जागांवरून एकही आदिवासी स्त्री लोकसभेत गेली नाही.

याचा परिणाम कोठे जाणवतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांच्या बाबतीत वनजमिनीचा हक्क पती व पत्नी या दोघांच्या संयुक्त नावे नोंदविण्याची तरतूद केली. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश सदस्य स्त्रिया असाव्यात आणि वनहक्कांवर निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेच्या उपस्थितांतही त्यांचे प्रमाण किमान एकतृतीयांश असावे, असे नियम सांगतात. हिरडा वेचणारी स्त्री ही गौण वनोपजाच्या हक्काची धारक आहे, असे कायदा मानतो. परंतु सातबाऱ्यावर वा हक्कपत्रावर तिचे नाव खरोखरच चढले की नाही, ग्रामसभेत तिने अंगठा दिला की मत दिले, हे तपासण्याची निकड सभागृहात कोणाला वाटणार? खासदार स्थानिक विकास निधीपैकी साडेसात टक्के रक्कम अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी खर्च व्हावी, अशी अपेक्षा मार्गदर्शक सूचनांत आहे. त्या रकमेतून समाजमंदिर बांधायचे की उन्हाळ्यात आटणाऱ्या पाणवठ्याची सोय करायची, हा निर्णय वरवर लहान भासतो. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रीला तो लहान नसतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्त्री सदस्य असली म्हणजे ती सर्व स्त्रियांचे प्रश्न मांडेलच, असे गृहीत धरता येत नाही. ती पक्षाच्या आदेशाने बांधलेली असते. तिचा वर्ग, जात व प्रदेश वेगळा असतो. तसेच पुरुष सदस्य हे प्रश्न मांडूच शकत नाहीत, असेही नाही. परंतु जे जगणे सभागृहातील कोणाच्याच अनुभवात नाही, ते चर्चेत उशिरा येते आणि लवकर विसरले जाते. प्रतिनिधित्वाचा प्रश्न न्यायाचा आहे, तसाच तो माहितीचाही आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. महाराष्ट्रातील स्त्रिया चळवळ, कुटुंब आणि स्थानिक स्वराज्य संस्था अशा तीन मार्गांनी संसदेत पोहोचल्या. यांपैकी तिसरा मार्ग सामान्य ग्रामीण स्त्रीला सर्वाधिक जवळचा आहे.

२. संख्येने अल्प असतानाही महिला सदस्यांनी प्रश्न, समित्या व खाजगी विधेयके यांद्वारे कायद्यांवर प्रभाव टाकला. हा प्रभाव सभागृहाबाहेरील संघटित स्त्रीशक्तीच्या जोडीनेच पडला.

३. उमेदवारीतील अनिश्चितता, विषयांची ठरीव वाटणी आणि वैयक्तिक अवहेलना हे अनुभव पक्षभेद ओलांडून समान राहिले आहेत.

४. आदिवासी स्त्रीचे प्रतिनिधित्व हा या प्रश्नातील सर्वांत दुर्बल दुवा आहे. आरक्षणाचा कायदा राखीव जागांपुरता त्यास आधार देतो. सर्वसाधारण मतदारसंघातील आदिवासी गावांना मात्र ग्रामसभेच्या बळावरच आपले म्हणणे वरपर्यंत पोहोचवावे लागेल.

म्हणूनच दिल्लीतील जागांइतकेच लक्ष आहुप्याच्या ग्रामसभेतील बैठकीकडे दिले पाहिजे. तेथे उठून बोलणाऱ्या स्त्रीला हिशेब विचारण्याची, ठराव मांडण्याची आणि तो तडीस नेण्याची सवय लागली, तर उद्याच्या पंचायत समितीची, जिल्हा परिषदेची आणि संसदेचीही सदस्य तीच असेल. घोड नदी आहुप्याच्या माथ्यावर बारीक धारेनेच सुरू होते. डिंभ्याचा जलाशय तीच भरते.